नोटीस, मर्जी आणि रेल्वेचा शिपाई

मंडळी, सरकारी खात्याचा निर्णय न्यायालय तपासतं म्हणजे नेमकं काय करतं, हे आज एका खटल्यातून बघू.

नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर रेल्वेत एक शिपाई होता, कायम नोकरीतला. रेल्वेने नियम 148(3) खाली नोटीस देऊन त्याची नोकरी संपवली. आरोप नाही, चौकशी नाही. हाच ‘मोतीराम डेका’ खटला. सर्वोच्च न्यायालयात तो सात न्यायमूर्तींपुढे चालला, आणि 5 डिसेंबर 1963 रोजी निकाल लागला. बहुमताचा मुख्य निकाल लिहिला आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी.

रेल्वेचा युक्तिवाद साधा होता. अनुच्छेद 310 प्रमाणे सरकारी नोकर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो. शिवाय ही काही शिक्षा नव्हे, नियमाप्रमाणे दिलेली नोटीस आहे.

आता ‘मर्जी’ ही कल्पना इंग्लंडच्या राजसत्तेतून आलेली. आपल्या घटनेने ती ठेवली, पण मोकाट सोडली नाही. अनुच्छेद 311(2) ने तिला वेसण घातली: बडतर्फ करायचं किंवा काढून टाकायचं तर आधी माणसाचं म्हणणं ऐका. गजेंद्रगडकरांची मांडणी अशी: कायम नोकराला निवृत्तीच्या वयापर्यंत पदावर राहण्याचा हक्क असतो. तो हक्क मध्येच हिरावला, तर नाव काहीही द्या, ते काढून टाकणंच. नियम 148(3) आणि 149(3) घटनाबाह्य ठरले. न्या. शहांना हे पटलं नाही. त्यांनी वेगळं मत नोंदवलं.

बघा, तो शिपाई कामाला चांगला होता की वाईट, हे न्यायालयाने ठरवलं नाही. त्याला विचारल्याशिवाय काढता येणार नाही, एवढंच ठरवलं. पुनर्विलोकन आणि अपील यांतला फरक तो हाच.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1985 च्या ‘तुलसीराम पटेल’ निकालात रेल्वे कर्मचाऱ्यांचीही प्रकरणं होती. चौकशी घेणं व्यवहारात शक्यच नसेल, तर ती टाळता येते, हा घटनेतलाच अपवाद तिथे उचलून धरला गेला. मात्र त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि ती न्यायालय तपासू शकतं.

म्हणजे मर्जी गेली, अपवाद उरला. त्या अपवादाची पुन्हा मर्जी होऊ नये, यासाठी तो कारणांचा कागद. नोकरी गेलेल्या गँगमनच्या हातात कधी कधी तेवढाच धागा असतो.