क्रूस, शमादाने आणि नळाचे पाणी

टेरेन्स फिशर यांच्या १९५८ सालच्या ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी व्हॅन हेल्सिंगच्या हाती क्रूस नसतो. पीटर कुशिंग जवळची दोन शमादाने उचलतात, एकमेकांवर आडवी धरतात, आणि क्रिस्टोफर ली यांचा ड्रॅक्युला मागे रेटला जात उन्हाच्या पट्ट्यात सापडतो. ही शमादाने कोणी मंत्रून दिलेली नाहीत. मग ड्रॅक्युला भितो तो कशाला? वस्तूला, आकाराला, की धरणाऱ्याच्या श्रद्धेला? भयपटांतील धर्मप्रतीकांविषयी लिहिताना ‘सुष्ट विरुद्ध दुष्ट’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. आम्हांला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण तो सिनेमाहून कितीतरी जुना आहे.

१५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने असे ठरवले, की संस्काराचे फळ विधीच्या कृतीतूनच लाभते. पुरोहित स्वतः पापी असला तरी विधी व्यर्थ जात नाही. ल्यूथरपंथीयांचा सारा भर श्रद्धेवर होता. प्राणप्रतिष्ठा आणि ‘भाव तेथे देव’ ही दोन्ही टोके ज्याच्या घरचीच आहेत, त्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये.

ब्रॅम स्टोकर डब्लिनचा प्रॉटेस्टंट. त्याच्या १८९७ च्या कादंबरीत खाणावळीची मालकीण जोनाथन हार्करच्या गळ्यात जपमाळेचा क्रूस घालते, तेव्हा तो संकोचतो. असल्या वस्तू म्हणजे मूर्तिपूजा, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले. पुढे दाढी करताना रक्त येते, काउंट गळ्याकडे झेपावतो, आणि त्या माळेचा स्पर्श होताच त्याचा आवेश ओसरतो. हार्करचा विश्वास असो वा नसो, माळ आपले काम करते. व्हॅन हेल्सिंग तर अ‍ॅम्स्टरडॅमहून आणलेला पवित्र प्रसाद लुकणासारखा मळून थडग्याच्या फटी बुजवतो! सश्रद्ध कॅथलिकाच्या अंगावर याने पिशाचापेक्षा अधिक काटा यावा.

फिशर यांनी १९६० च्या ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’मध्ये धरणारा हातही काढून टाकला. तेथे पवनचक्कीच्या पात्यांची क्रूसाकार सावलीच पिशाचाचा अंत करते. रोमान पोलान्स्की यांनी १९६७ साली या यंत्रवत पावित्र्याची टर उडवली: पिशाच झालेला यहुदी खाणावळवाला क्रूस पाहून हसतो.

त्यानंतर पारडे फिरले. स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीत पिशाचच फादर कॅलाहनला आव्हान देते, की क्रूस टाकून नुसत्या श्रद्धेनिशी समोर ये. त्याला तो टाकवत नाही, आणि हातातल्या क्रूसाचे तेज विझते. ‘फ्राइट नाइट’ (१९८५) मध्ये पडद्यावर पिशाचे मारून म्हातारा झालेला नट खरा क्रूस उगारतो, तर पिशाच तो सहज चुरगाळते. या पीटर व्हिन्सेंटचे नाव पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस यांच्यावरून घेतलेले आहे. शमादानांच्या वारसाला श्रद्धेचा दाखला मागितला गेला, तो असा.

पण या वादाच्या मुळाशी पोचला तो विल्यम फ्रीडकिन यांचा ‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३). श्रद्धा डळमळलेला जेझुइट मनोविकारतज्ज्ञ कॅरस मुलीवर नळाचे पाणी शिंपडतो आणि ते तीर्थ असल्याचे सांगतो. ती भाजल्यासारखी तळमळते. कॅरसच्या लेखी हा बाधेविरुद्धचा पुरावा ठरतो. प्रेक्षकाने मात्र बाधा पाहिलेली आहे. मग ही वेदना सैतानाचे सोंग, की त्या पाण्याला कॅरसच्या शब्दाने काही आले? चित्रपट सांगत नाही, आणि आमच्या मते येथेच तो भयपटांच्या रांगेतून वेगळा निघतो. विधी चालू असताना वृद्ध मेरिन मरतो. तेथून पुढे कॅरस मंत्र म्हणत नाही. सैतानाला स्वतःत ओढून घेतो आणि खिडकीतून झेप टाकतो.

खाली पायऱ्यांवर त्याचा मित्र फादर डायर त्याच्यापाशी वाकतो आणि पापनिवेदन करायचे आहे का, असे विचारतो. कॅरसला बोलता येत नाही. त्याच्या श्रद्धेचे काय झाले, हे डायरला ठाऊक नाही. रक्ताळलेली बोटे तेवढी हलतात, आणि डायर पापमुक्तीचे शब्द उच्चारू लागतो.