शकुंतला आणि गँगमन

मूर्तिजापूर जंक्शनावरून दोन छोट्या लायनी फुटतात. एक लाखपुरी, दर्यापूर, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट करीत अचलपूरला जाते. दुसरी कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला. रुळांमधलं अंतर अडीच फूट. दोन्ही मिळून लांबी 190 किलोमीटरच्या आसपास. हिचं नाव शकुंतला. वऱ्हाडात कुणाजवळ हे नाव काढा, तो आधी गाडीच्या चालीची टिंगल करील, मग गप्प होईल. कारण आज या दोन्ही लायनींवर गाडी धावत नाही.

शकुंतलेवर पेपरात अधूनमधून लिहून येतं. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन, लिव्हरपूलचे सिग्नल, इंग्रज कंपनी, किती गोड गाडी होती बाप्पा! वाचताना डोळे ओले व्हावेत असं. इंजिनाचं साल सापडतं, कारखाना सापडतो, कंपनीच्या मालकांची नावं सापडतात. रूळ ज्यांनी हातोड्यानं ठोकून सरळ ठेवले त्यांचं मात्र एक नाव सापडत नाही. दोस्तहो, हा इतिहास आपल्याला दुसऱ्या बाजूनं वाचावा लागेल.

सुरुवात कापसापासून. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हातात आलं. 1861 मध्ये अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. ज्या गुलामांच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीरावांनी 1873 साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्याच गुलामांच्या कापसाची जागा भरून काढायला साहेबाला वऱ्हाडची काळी माती दिसली. 1867 पर्यंत जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली. 1870 साली जलंब ते खामगाव फाटा निघाला, तोही कापसाच्या बाजारासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. माणसांसाठी रेल्वे काढली असं त्या काळात कुणी खोटंसुद्धा बोललं नाही.

पण मेन लायनीपासून दूर असलेला कापूस बैलगाडीनं आणावा लागे. म्हणून किलिक निक्सन या साहेबांच्या पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, 1910 साली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मूर्तिजापूरच्या दोन्ही बाजूंना छोटी गाडी चालू झाली. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार जी.आय.पी. जिनात कापसाच्या गाठी बांधायच्या, छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला आणायच्या, तिथं मोठ्या गाडीत चढवून मुंबई, आणि तिथून बोटीनं विलायत.

गाठी गेल्या त्याच वाटेनं गिरणीचं कापड परत आलं. आपल्या मुलखात महारवाड्यातून जाडंभरडं कापड विणणारे माग होते. मळक्या वेशीबाहेरच्या माणसाचा तो एक स्वतःचा धंदा होता. स्वस्त कापडापुढं तो टिकला नाही. ज्याचा माग मोडला तो खडी फोडायला, माती टाकायला, स्लीपर वाहायला गेला. साहेबाची रेल्वे शिवाशिव पाळत नव्हती अशी एक समजूत आपल्यातही आहे. अर्धी खरी आहे. डब्यात पैसे टाकून बसता येत होतं, रोखीची मजुरी मिळत होती, गावकीच्या वेठीतून सुटका होती, हे लहान नाही. पण स्टेशनावर हिंदूचं पाणी वेगळं, मुसलमानाचं पाणी वेगळं, आणि आपलं कुठलंच नाही. मसूर स्टेशनावर लहानग्या भिवाचं काय झालं ते तुम्हांला सांगायला नको.

आणि नोकरी? त्याचं उत्तर बाबासाहेबांनी फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला दिलं. जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद होती. म्हणजे शकुंतला चालवणाऱ्या याच रेल्वेतले कामगार. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं म्हणणं आपण भाषणातून नेहमी सांगतो. पण त्याच भाषणातला रेल्वेचा हिशेब आपण विसरतो. बाबासाहेब म्हणाले ते असं: आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधं पोर्टरसुद्धा करीत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि सवर्ण मास्तरच्या घरात अस्पृश्याला प्रवेश नाही. मास्तरला फुकटचा घरगडी पाहिजे, म्हणून आपल्याला बढती नाही. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हा नियम लिहिलेला नव्हता, आणि पाळला मात्र सगळीकडं जात होता.

गँगमनचं काम काय असतं हे वऱ्हाडच्या मातीत समजून घेतलं पाहिजे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. रूळ एका जागी राहत नाही. कुठं खचतो, कुठं वाकडा होतो. रोज पायी चालत जायचं, सैल चाबी ठोकायची, स्लीपरखाली गिट्टी दाबायची, पूर आला की रात्री कंदील घेऊन पुलापाशी उभं राहायचं. मे महिन्यातल्या अकोल्याच्या उन्हात लोखंडाला हात लावून पाहा म्हणजे कळेल. इंजिन सत्तर वर्षं टिकलं याचं कौतुक करतात. त्याच्याखालचा रूळ कुणी टिकवला?

ते इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 पासून धावलं. झेडडी त्याची जात. (इंजिनालाही इथं जात चुकली नाही!) 15 एप्रिल 1994 ला ते काढलं आणि डिझेल लावलं. म्हणजे जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात इंग्रज गेला, 5 नोव्हेंबर 1951 ला जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली. पण शकुंतलेचे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी सरकारची, रूळ खाजगी, आणि दुरुस्ती कुणी करायची यावर दोघांचं एकमेकांकडं बोट. सिग्नलांवर 1895 सालचा शिक्का तसाच. कापूस ट्रकनं जाऊ लागला तेव्हा गाडीचा मूळ धनी संपला. स्टेशनावरची माणसं कमी केली, मग गार्डानंच खाली उतरून तिकीट द्यायचं. रूळ खराब म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून उतारू कमी, उतारू कमी म्हणून तोटा. ही साखळी कुणी तयार केली आणि तोट्याचं कारण म्हणून कुणाला दाखवलं, ते पाहा.

तरी उतारू होते. बसपेक्षा कितीतरी स्वस्त तिकीट. त्यात कोण बसत होतं? मजूर बाया, भाजीच्या टोपल्या, अंजनगाव-दर्यापूरच्या बाजाराला निघालेली माणसं, तालुक्याच्या शाळा-कॉलेजात जाणारी आपली पोरं. मोटारसायकल आलेला माणूस शकुंतलेच्या आठवणी काढतो. ज्याच्याकडं ती नाही तो बसस्टँडवर उभा आहे.

2016 साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. घोषणा पेपरात राहिली. अकोला-खंडवा मीटरगेजचंही तसंच. 2017 च्या सुरुवातीला ती बंद झाली, 2022 मध्ये अकोटपर्यंत ब्रॉडगेज सुरू झालं, आणि पुढं मेळघाटच्या वाघांचा प्रश्न आला. वाघ जगला पाहिजे, कबूल. पण त्या रस्त्यावरच्या कोरकू माणसाला दवाखान्यात जायला काय, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

इंजिनं जपायची हौस सरकारला आहे. दिल्लीला 1977 मध्ये रेल्वेचं मोठं संग्रहालय झालं. नागपूरच्या मोतीबागेत 2002 साली नॅरोगेजचं झालं. तिथं रंगरंगोटी करून, तिकीट लावून इंजिन उभं असतं. जपावं, माझी तक्रार नाही. लोखंड वितळवून भंगारात घालण्यापेक्षा बरं. पण इंजिनाशेजारी गँगच्या हजेरीपटाचं एक पान ठेवा. मुकादमाच्या हातचं, अंगठ्यांच्या निशाण्यांचं.

ते पान रेल्वे देईल याची वाट पाहू नका. मूर्तिजापूर, बनोसा, अंजनगाव, कारंजा इथल्या वस्त्यांतून गँगमध्ये राबलेली म्हातारी माणसं, त्यांच्या विधवा, त्यांची मुलं आहेत. वह्या घेऊन जा. विचारा: कुठल्या सालापासून लागला? पगार काय? क्वार्टर मिळालं का, कुठल्या बाजूला? स्टेशनावर पाणी कुठून प्यायचा? मुकादम कोण, कुठल्या जातीचा? बढतीचा अर्ज केला होता का, काय झालं त्याचं? मनमाडच्या परिषदेला गावातून कोण गेलं होतं? नाव, बापाचं नाव, गाव, सगळं लिहून घ्या. पावसाळ्याआधी निघा, नंतर लाखपुरीकडच्या पांदणीत पाय निघत नाही.