नागलीची भाकर

माझ्या लहानपणी आमच्या पाड्यावर कोंबडा आरवायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची. आय आणि काकू समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालायच्या. घरात खाणारी तोंडं नऊ. रोजची दोन-तीन शेर नागली दळल्याशिवाय चूल पेटत नसे. आम्ही पोरं गोधडीत पडल्या पडल्या ती घरघर ऐकायचो आणि आज भाकर आहे एवढं समजून पुन्हा झोपायचो. ज्या पहाटे जातं गप्प असायचं, त्या पहाटे कुणी काही बोलायचं नाही.

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातलं बाजाराचं गाव. 2014 साली 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. डोंगरउताराची जमीन, पाऊस धो धो, आणि पाणी सगळं खाली वाहून जाणारं. खाचरात थोडा भात, बाकी माळावर नागली, वरई, उडीद, खुरासणी. आमचं सगळं जेवण या चार-पाच दाण्यांत होतं.

आज कुणाला विचारलं की स्वयंपाकाला किती वेळ लागतो, तर तो तास-दीड तास सांगेल. आमची भाकर फाल्गुनात सुरू व्हायची. शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या, वर माती असा थर लावून राब भाजायचा. पहिला पाऊस पडला की त्या भाजल्या जागी नागलीचं बी टाकायचं. रोप हातभर झालं की भर पावसात उतारावर आवणी. दिवाळीच्या आसपास कणसं कापायची, झोडायची, वाऱ्यावर उपणायची आणि शेणाने सारवलेल्या कणगीत भरायची. नागलीचा एक गुण असा की तिला कीड सहसा लागत नाही. नीट वाळवून ठेवली तर वर्षं काढते. आमचे म्हातारे म्हणायचे, भात पाहुण्याला, नागली घराला.

भाकरीची रीतही वेगळी. नागलीचं पीठ गव्हासारखं चिकट नसतं, गार पाण्यात मळलं तर थापताना फाटतं. म्हणून पाणी खळखळ उकळायचं, त्यात पीठ टाकून ढवळायचं, थोडा वेळ झाकायचं आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळायचं. मग हातावर थापून मातीच्या खापरीवर टाकायची. सोबत भाजून भरडलेल्या उडदाची आमटी, नाहीतर खुरासणीची चटणी. रात्रीचं पीठ भिजवून ठेवलं की सकाळी आंबील. उन्हात आवणीला जाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत तेवढी पुरायची.

पुढे आरोग्य खात्याच्या एका बाईंनी सांगितलं की शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. आयला मिलिग्रॅम माहीत नव्हता. पण बाळंतिणीला पहिली नागलीची पेज द्यायची हे तिला तिच्या आयने सांगितलं होतं.

वरईची गंमत निराळी. तिचं टरफल काढणं म्हणजे बायांचा जीव काढणं. उखळात मुसळाने कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची. घरात खायला थोडी ठेवून बाकीची बाजारात जायची. तिथून व्यापाऱ्याच्या गाडीत नाशिककडच्या गिरण्यांत, आणि तिथून शहरात भगर होऊन. एकादशीला शहरातले लोक जी भगर खाऊन उपास करतात, ती आमची रोजची जेवणाची वरई. त्यांचा उपास आमच्या जेवणावर चालायचा, आणि आमचा उपास वरई विकल्यावर सुरू व्हायचा.

पावसाळ्यात रानच आमचा भाजीबाजार. पहिल्या सरीनंतर शेवळी वर यायची. ती तशीच शिजवली तर घशाला खाज सुटते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडांचा आंबट रस घालायचा, मग ती भाजी मटणाला मागे टाकते. त्यानंतर कवळा, टाकळा, कुरडू, लोत, बांबूचा वास्ता. कडूकंद तर चक्क विषारी. त्याचे पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे तो पोटात घालायचा. हे कुठल्या पुस्तकात वाचून कुणी शिकलं नाही. कुणा पूर्वजाच्या पोटदुखीवर, कदाचित मरणावर, हे ज्ञान उभं आहे.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, काय सुखाचे दिवस! म्हणून पुढचंही सांगितलं पाहिजे. आषाढ लागला की कणगीच्या तळाला हात लागायचा. आवणीचं काम सगळ्यात जड, आणि खायला त्याच वेळी कमी. मग सावकाराकडून धान्य दिढीने आणायचं. एक मण नेलं की दिवाळीत दीड मण द्यायचं. कणगी भरायच्या आधीच अर्धी रिकामी. आदिवासी विकास महामंडळ 1972 साली निघालं, 1978 पासून सरकारी खावटी कर्ज मिळू लागलं, तेव्हा काही घरं त्या फेऱ्यातून जरा सुटली. त्याच 72च्या दुष्काळात रेशनवर परदेशातला लाल मिलो आला. मी तेव्हा बारा वर्षांचा. आयने त्याची भाकर केली, बाने एक तुकडा मोडला आणि बैलाकडे पाहिलं. पण खाल्ली सगळ्यांनी. भुकेला नावं ठेवता येत नाहीत.

1992 साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं दगावली. पेपरात आलं, गाड्या आल्या, साहेब आले, कुपोषण हा शब्द आमच्या बोलीत आला. एका बैठकीत शहरातला एक पाहुणा म्हणाला, "यांना पोरांना काय खाऊ घालावं तेच कळत नाही." मी मागे उभा होतो. दहावी शिकलेला असूनही माझं तोंड उघडलं नाही, याची मला आजही लाज वाटते. तेव्हा बोलायचं होतं ते आता लिहितो. विषारी कंदातून जेवण काढणाऱ्या बाईला स्वयंपाक कळत नव्हता असं नाही. पाणी उकळत होतं, त्यात टाकायला पीठ नव्हतं. रोजगार नव्हता, दवाखाना लांब, दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर. भट्टीवरची चूल म्हणजे तीन विटा. तिथे ना रान, ना कणगी, ना वेळ. दिवसभर विटा थापलेल्या हाताने रात्री काय शिजेल ते शिजायचं.

पुढे अंत्योदयचं 35 किलो धान्य आलं. त्याने जीव वाचले, हे मी कधी नाकारणार नाही. पण त्यात तांदूळ आणि गहू. नागली माळावरून हळूहळू कमी झाली, कारण आवणीच्या कष्टाएवढा भाव तिला नव्हता. आणि आता पाड्यावरच्या दुकानात पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्या लटकतात. कामावर जाणारी आई पोराच्या हातात पुडी देते. तिला तरी काय बोलावं? पोट भरल्यासारखं वाटतं, पोर रडायचं थांबतं, आणि अंगाला काही लागत नाही. पूर्वी भूक उघडी दिसायची, आता ती पुडीत बंद असते.

मी हे असं घरी बोललो की आमची मंडळी मला ऐकवते. एकदा मी जात्याचं कौतुक चालवलं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला झोपेत घरघर गोड वाटायची. दळत होतो आम्ही. खोडाळ्यात चक्की आली त्या दिवशी माझ्या सासूने जात्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, बाई, आता तू पण नीज." यावर मला उत्तर नव्हतं, अजून नाही. घरचं अन्न चांगलं, पण ते एकाच माणसाच्या पाठीवर रचलेलं असेल तर त्या चांगुलपणात खोट आहे.

2015 साली सरकारने अमृत आहार योजना काढली. गरोदर आणि स्तनदा मायांना अंगणवाडीत रोज एक वेळचं ताजं, चौरस जेवण, आणि तेही गावातल्याच बायांनी रांधलेलं. योजनेत कमीजास्त होतच असतं, पण चुलीचा हिशेब त्यात बरोबर धरला होता. 2023 हे साल तर जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. शहरात नागलीची बिस्किटं काचेच्या कपाटात बसली. आम्हाला हसू आलं, आणि थोडं बरंही वाटलं.

चार वर्षांपूर्वी मंडळीचे गुडघे धरले. सून कामाला जाते. मग साठी उलटल्यावर मी चुलीपुढे बसलो. पहिल्या दिवशी पाणी पुरतं उकळलं नव्हतं, भाकर थापता थापता चार तुकडे. नातू म्हणाला, "आजोबा, हा महाराष्ट्राचा नकाशा आहे का?" मंडळी खाटेवरून म्हणाली, "पाण्याला आधी बुडबुडे येऊ द्या, घाई कसली आहे?" आठवडाभरात जमली. आता माळावरच्या दहा गुंठ्यांत मी पुन्हा नागली लावतो, घरापुरती. दळण चक्कीवर. भाकर बहुतेक मीच थापतो, नातू खुरासणीची चटणी वाटतो. पुड्या तो अजूनही खातो, मी बघून न बघितल्यासारखं करतो. पण परवा शाळेतून आला आणि दप्तर टाकायच्या आधी विचारलं, "आजोबा, पाणी उकळलं का?"