मुक्ताचा निबंध आणि आपला संशोधन आराखडा: सर्जनशील लेखन शिकवण्याचा थोडा इतिहास

पेट पास झाली की पुढचा डोंगर असतो संशोधन आराखड्याचा. विषय सापडतो, संदर्भ सापडतात, पण स्वतःचं वाक्य सापडत नाही. शेंद्र्याच्या आसपासच्या गावांतून शहरात येऊन एम.ए. करणारे बरेच जण भेटतात. आईवडिलांपैकी कोणी एमआयडीसीत कंत्राटी कामगार, कोणाची जमीन संपादनात गेलेली. बोलायला बसले की तासभर बोलतील, आणि लिहायला बसले की गाइडमधली भाषा उतरते: 'प्रस्तुत विषयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' त्यात हल्ली अभ्यासक्रमात 'सर्जनशील लेखन' आलंय, तर मुलं विचारतात, कविता-कथा लिहून संशोधनाचं काय भलं होणार?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासातून देता येतं, आणि ते आपल्याच भाषेतल्या, आपल्याच भागातल्या उदाहरणांनी देता येतं. म्हणून ही पोस्ट.

पहिला मुक्काम: पुणे, १८५५

मुक्ता साळवे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मांग समाजातली मुलगी, वय सुमारे चौदा, सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकात फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला.

आपण हा निबंध बहुतेक वेळा गौरवाने सांगतो आणि पुढे जातो. जरा थांबून तो *कसा* लिहिलाय ते बघा. ती आधी समोरच्याचा दावा मांडते: वेद फक्त ब्राह्मणांचे. मग तो दावा मान्य करूनच विचारते, की वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता? म्हणजे दुसऱ्याचं गृहीतक उचलून ते शेवटपर्यंत नेणं. आपण संशोधन पद्धतीच्या पेपरात जे शिकतो, त्यातला हा पाया आहे. मग ती प्रसंग सांगते: पेशवाईत तालमीवरून जाणाऱ्या मांग-महाराचं काय केलं जाई, इमारतीच्या पायात माणसांना तेल-शेंदूर पाजून कसं पुरत, डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईचं बाळंतपण कसं होई. आधी युक्तिवाद, मग जगणं.

आता हे तिला शिकवलं कसं गेलं असेल? तिच्या वर्गातली टिपणं आपल्या हातात नाहीत, म्हणून मी ठाम काही म्हणणार नाही. पण सालं शेजारी ठेवून बघा. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. जोतीरावांचं 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारलं नाही. म्हणजे मुक्ताच्या आसपासची शिकवणारी माणसं त्याच काळात स्वतः कविता आणि नाटक लिहीत होती. लेखन हा तिथे फळ्यावरून उतरवून घ्यायचा विषय नव्हता, तो शिकवणाऱ्यांचा स्वतःचा उद्योग होता.

एक थांबा: हा निबंध 'पुरावा' म्हणून कसा वाचायचा?

संशोधकाला इथे सावध राहावं लागतं. पेशवाई संपली १८१८ ला. मुक्ताने लिहिलं १८५५ मध्ये. मधे ३७ वर्षं. चौदा वर्षांच्या मुलीने तालमीपुढचा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला असणं शक्यच नाही. तिने तो घरात, वस्तीत ऐकला. मग हा पुरावा कच्चा का?

नाही. फक्त तो *कशाचा* पुरावा आहे हे नीट म्हणायला हवं. १८०० च्या आसपास अमुक दिवशी अमुक घडलं, एवढं एकट्या या निबंधावरून सिद्ध होत नाही. पण १८५५ मध्ये मांग वस्तीत पेशवाईची आठवण कोणत्या रूपात जिवंत होती, याचा हा अव्वल पुरावा आहे. आणि ही आठवण सरकारी दफ्तरात सापडणार नाही. दफ्तर लिहिणारे लोक वेगळे होते. एका मुलीला स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकवलं, म्हणून ती कागदावर आली. सर्जनशील लेखनाचं इतिहासाच्या दृष्टीने पहिलं मोल हे: ज्यांची नोंद कोणी घेत नाही, ते स्वतःची नोंद तयार करतात.

दुसरा मुक्काम: नागसेनवन

आता आपल्या शहरात या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठ यायला अजून आठ वर्षं होती. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि कॉलेजच्या मुलांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. इथेही तेच: शिकवणारा लिहितोय, आणि मुलं त्या लेखनात उतरतायत.

पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य त्यांनी इथल्या चर्चेत आणलं. आपल्यासारखं अपमानाचं जगणं दुसऱ्या देशातल्या माणसांनीही लिहिलंय, हे कळल्यावर लिहिणाऱ्याला केवढं बळ आलं असेल, विचार करा. १९६७ मध्ये 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं, तेच लगेच पुढे 'अस्मितादर्श' झालं. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते सुमारे पन्नास वर्षं चालवलं. लेखक-वाचक मेळावे भरवले. लिहिणारे आणि वाचणारे एका मांडवात बसू लागले.

योगायोग बघा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात सर्जनशील लेखनाची कार्यशाळा १९३६ पासून होती, आणि जगभरच्या लेखकांसाठीचा त्यांचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तोही १९६७ मध्येच. तिकडे विद्यापीठाचा पैसा, पदवी, निवास. इकडे एक त्रैमासिक, वर्गणीदार आणि मेळावा. दोन्हीकडे गाभ्याची गोष्ट एकच: कोणीतरी तुमचं लेखन गंभीरपणे वाचतो आणि त्यावर बोलतो.

मग शिकवायचं कसं?

या दोन मुक्कामांवरून मला चार गोष्टी दिसतात. पुढे शिकवायला लागाल तेव्हा उपयोगी पडतील.

१. विषय मुलाच्या जगण्यातला हवा. 'मी पंतप्रधान झालो तर' यावर गाइडच लिहिणार.
२. शिकवणाऱ्याने स्वतः लिहावं, आणि ते वर्गात वाचून दाखवावं.
३. लेखनाला खरा वाचक हवा. भित्तिपत्रक चालेल, वार्षिकांक चालेल, गावातलं वाचनालय चालेल. फक्त गुणांसाठी लिहिलेलं रद्दीत जातं, आणि रद्दीत गेलेलं लेखन उद्याच्या संशोधकाला मिळत नाही.
४. लेखनावर वाद व्हावा. 'छान लिहिलंस' म्हणून कोणी सुधारत नाही.

आता शेंद्र्यापुरता एक प्रयोग सुचवतो. चैत्रात इथे मांगीरबाबाची जत्रा भरते. राज्यभरातून, विशेषतः मातंग समाजातून, लोक येतात. गळ टोचून नवस फेडण्याच्या प्रथेवर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी टीका केली आहे, तर भाविकांची श्रद्धा वेगळं सांगते. त्याच शेंद्र्यात जालना रोडला लागून कारखाने, ऑरिक सिटी. एक काम करा. गावातल्या किंवा जत्रेला आलेल्या तीन वयस्कर माणसांकडून मांगीरबाबाची कथा ऐका. ज्याच्याकडून ऐकाल त्याला आधी विचारा, कशासाठी लिहून घेताय तेही सांगा. तिन्ही कथा त्यांच्या बोलीत, जशाच्या तशा उतरवा. मग त्यातल्या एका माणसाच्या तोंडून अडीचशे शब्दांत गोष्ट लिहा. शेवटी लाल पेन घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे ऐकलेलं, हे पाहिलेलं, हे माझ्या कल्पनेतलं.

खरं संशोधन त्या लाल पेनात आहे. कल्पना करणं आणि पुरावा बनवणं यात फरक आहे, आणि तो स्वतः गोष्ट लिहिल्याशिवाय हाताला कळत नाही. ज्याने एकदा पात्राच्या तोंडी वाक्य घातलंय, त्याला दुसऱ्याच्या आत्मकथनात लेखकाने कुठे निवड केली, कुठे गाळलं, ते लवकर दिसतं. तीन कथा तीन तऱ्हेच्या निघाल्या तर घाबरू नका. कोणती खरी, यापेक्षा कोण कोणती सांगतो आणि का, हा जास्त चांगला संशोधन प्रश्न आहे. मुक्ताने पायात पुरलेल्या माणसांबद्दल लिहिलं होतं, ते मनात ठेवून या कथा ऐका. मात्र दोन्हींचा संबंध आहेच असं आधी ठरवून जाऊ नका. मिळालं तर लिहा, नाही मिळालं तर तेही लिहा.

एक आक्षेप नेहमी येतो: प्रतिभा शिकवता येते का? नसेल येत. पण मुक्ताला प्रतिभा होती एवढ्याने तिचा निबंध आपल्यापर्यंत आला नाही. शाळा होती, लिहायला लावणारं कोणी होतं, छापणारं नियतकालिक होतं. त्या काळात तितकीच हुशार असलेल्या किती मुलींना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांचं एक वाक्यही आपल्याकडे नाही. शिकवण्याने प्रतिभा निर्माण होत नसेलही, पण ती गाडली जाऊ न देणं तरी शिकवणाऱ्याच्या हातात असतं.

तेव्हा आराखड्याचं पहिलं पान लिहिताना 'अनन्यसाधारण' खोडा. हा प्रश्न मला का पडला, कुठे पडला, ते साध्या चार वाक्यांत लिहा. ती चार वाक्यं जमली, की संदर्भसूची नंतर करता येते.