नखाएवढी खाच

घडीचा चाकू आपल्यापैकी पुष्कळांनी वापरला असेल. कुणी ऊस सोलायला, कुणी सुतळी कापायला, तर वयस्कर शिक्षकमंडळींनी बोरू तासायलाही. असा चाकू हाताशी असेल तर तो मिटवून त्याच्या पात्याकडे जरा निरखून पाहा. पात्याच्या पाठीलगत चंद्रकोरीसारखी एक बारीक खाच दिसेल. तीत अंगठ्याचे नख अडकवायचे आणि पाते बाहेर ओढायचे. एवढ्याशा खाचेला कसला आला इतिहास, असे आपण म्हणाल. पण चाकू हे अवजार की हत्यार, हा वाद पुढे कायद्यापर्यंत गेला, तो पाते कसे उघडते ह्याच मुद्द्यावरून.

मिटणारा चाकू फार जुना. ऑस्ट्रियात हालस्टाट येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा सापडला आहे. रोमन लोकही असे चाकू वापरीत. त्यांतल्या काहींच्या मुठींवर सशामागे धावणारा कुत्रा कोरलेला असे. ह्या जुन्या चाकूंना कमान नव्हती. पाते एका खिळीवर फिरे आणि केवळ घट्टपणामुळे जागी राही. खीळ सैल झाली की चाकू खिशातच उघडायचा. म्हणजे खिसा तरी फाटायचा, नाहीतर मांडी!

हे दुखणे बरे केले ते इंग्लंडातील शेफील्डच्या कारागिरांनी. तेथे चाकू-कात्र्या करणाऱ्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला होता. त्याच शतकात मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवलेले चाकू तेथे होऊ लागले. कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते. पाते मिटले तरी तिचा दाब असतो, उघडले तरी असतो. मधल्या मध्ये तेवढे ते डगमगते. कुलूप म्हणून काही नाही, नुसता दाब.

पण दाब आला म्हणजे ओढायलाही जोर आला. मुठीत बुडालेले पाते धरायचे कुठे? ह्याला उत्तर नखाच्या खाचेचे. पाते घडवणारा लोहार लोखंड तापलेले असतानाच वाकड्या तोंडाच्या ठशाने ती एका ठोक्यात उमटवी. ठोका साधा, पण जागा चुकता कामा नये. खाच खिळीच्या जवळ पडली तर नख मोडेल इतका जोर लागतो, दूर पडली तर हलक्या हाताने काम होते. तरफेचा नियम शाळेत शिकवताना विहिरीवरच्या पहारीचा दाखला देतो ना आपण, त्याऐवजी एकदा हा चाकूच मुलांच्या हाती देऊन पाहावा.

काही चाकूंना कोरीऐवजी पात्याच्या पाठीलगत लांब सरळ चर असे. त्यातल्या काही चरांत बारीक दाते पाडलेले असत, आगकाडी ओढण्यासाठी! ज्यांचे हात थंडीने गारठलेले किंवा नखे झिजलेली, त्यांच्यासाठी मुठीलाच अर्धगोल कापा घेत, म्हणजे पाते चिमटीत धरता येई. मला तर ही युक्ती सर्वांत माणुसकीची वाटते. कष्ट करणाऱ्याला नखे राखता येत नाहीत, हे कुणाच्या तरी ध्यानात आले होते.

जपानने निराळी वाट धरली. ह्योगो प्रांतातील मिकी हे सुतारी हत्यारांसाठी नावाजलेले गाव. तेथे १८९० नंतरच्या दशकात 'हिगोनोकामी' नावाचा चाकू होऊ लागला. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक खीळ, कमान नाही, खाचही नाही. पात्याच्या बुडाला मात्र एक शेपटी बाहेर काढलेली. अंगठ्याने ती दाबली की पाते उघडते, आणि कापताना अंगठा तिच्यावरच ठेवला की ते मिटत नाही. स्वस्त आणि साधा. जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ह्याच चाकूने पेन्सिली तासल्या, बांबूची खेळणी केली.

पुढे पाश्चात्त्य देशांत बटण दाबताच सट्‌कन उघडणाऱ्या चाकूंविषयी भीती पसरली होती. अमेरिकेने १९५८ साली आणि ब्रिटनने १९५९ साली त्यांच्याविरुद्ध कायदे केले. धार तीच, पोलाद तेच. आक्षेप होता तो क्षणात उघडण्याला. पुढे १९८८ च्या ब्रिटिश कायद्याने सार्वजनिक जागी पात्याची वस्तू बाळगण्यावर बंदी घातली, पण तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू वगळला. उघडल्यावर पाते कुलूपबंद होणारा चाकू ह्या सवलतीत बसत नाही, असे न्यायालयाने नंतर ठरवले. म्हणजे शेफील्डचा तो नुसत्या दाबावर चालणारा जुना चाकूच सवलतीत राहिला. आपल्याकडील १९६२ च्या शस्त्र नियमांनी मात्र माप पाहिले: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रात धरले, आणि त्यातूनही घरकामाची व शेतीची अवजारे वगळली.

जपानात जे झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत खून झाला. मारेकरी सतरा वर्षांचा. त्याच्या हाती होती आखूड तलवार, खिशातला चाकू नव्हे. तरी मुलांच्या हाती धार देऊ नका अशी चळवळ देशभर उठली, आणि हिगोनोकामी शाळेच्या दप्तरातून गेला. पेन्सिलीला टोक काढायची यंत्रे आली, मिकीतले कारखाने एकामागून एक बंद झाले. तलवारीचा गुन्हा चाकूच्या माथी मारला, असेच मी म्हणेन. आईबापांची भीती खोटी नव्हती. पण धार ओळखायला शिकलेला हात आणि धार कधी न पाहिलेला हात, ह्यांत घातकी कोणता, हे त्या गडबडीत कुणी विचारले नाही.

नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेने मात्र ते विचारले. १९८० नंतरच्या दशकात तेथे पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक हिगोनोकामी देण्याची प्रथा पडली. मुले त्याने स्वतःच्या पेन्सिली तासू लागली.