बिअरची चव आणि यीस्टची एक पेशी

चांगली बिअर मध्येच कडवट का होते? पाश्चरने १८७६ सालच्या ग्रंथात मुख्यतः जिवाणूंना दोषी धरले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल हॅन्सेनला मात्र वेगळेच आढळले. आंबवण्याच्या यीस्टमध्येच रानटी यीस्ट मिसळले होते. कडवट चव आणि दुर्गंधी हा त्याचाच प्रताप! मग त्याने यीस्टचे द्रावण इतके विरळ केले, की थेंबात एकच पेशी यावी. तिच्यापासून वाढवलेले शुद्ध यीस्ट १८८३ साली कारखान्यात वापरले गेले आणि चव टिकली. मालक याकोबसेन यांनी हे गुपित दडवले नाही. यीस्ट इतर कारखान्यांनाही दिले. आपण वर्गात शिकवतो ती पीएच मोजपट्टीही याच प्रयोगशाळेतली, १९०९ सालची, सोरेनसेनची.