विंचवाची नांगी आणि रक्तवाहिनीची मूठ

पेण-रोह्याच्या श्रोत्यांना विंचू काय असतो हे सांगण्याची गरज नाही. सरपणाची मोळी, भाताची उडवी, जोत्याचा निखळलेला दगड, कोठेही हात घालावा आणि ठणका डोक्यात जावा. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, परंतु जीव घेतो तो लहानसा तांबडा. पूर्वी मांत्रिक येई, विंचू उतरवी, ठणका कमी झाला की घरचे निर्धास्त होत. पण काही रोग्यांचे हातपाय गार पडत, घाम सुटे, दम लागे आणि तोंडाला फेस येई. ठणका नसताही माणूस दगावे तो का? याचा उलगडा आपल्याच जिल्ह्यात झाला.

तेथे जाण्यापूर्वी स्नायूंविषयी थोडे बोलले पाहिजे. दंडाचा स्नायू आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू ही एका घराण्यातली भावंडे. दोहोंत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. ते एकमेकांवरून सरकले की स्नायू आखडतो. दंडाच्या स्नायूतले हे सरकणे १९५४ साली दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडले. एकीत अँड्र्यू हक्सली, दुसरीत ह्यू हक्सली. आडनाव एक, पण नाते काही नाही.

स्वभाव मात्र निराळे. दंडातले तंतू ओळीने रचलेले, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे दिसतात. मज्जातंतूचा हुकूम येताच पेशीतले कॅल्शियम सुटते, ॲक्टिनवरचा अडसर दूर होतो आणि क्षणार्धात ओढ सुरू होते. रक्तवाहिनीच्या, आतड्याच्या, गर्भाशयाच्या स्नायूला पट्टे नाहीत. तेथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन मिळते, ते एका विकराला जागे करते, तो विकर मायोसिनवर फॉस्फेट चढवितो आणि मग ओढ लागते. कारभार लांबचा, म्हणून सावकाश. परंतु एकदा घट्ट धरले की हा स्नायू फार थोड्या शक्तीत तासन् तास धरून ठेवतो. कुंडलिकेच्या ओढीत होडी वल्ही मारून जागेवर ठेवणे आणि ती खुंटाला बांधणे, असा हा फरक. शिवाय तो आपल्या इच्छेला जुमानत नाही. मूठ सोडता येते, रक्तवाहिनी सैल सोड म्हणून सांगता येत नाही.

आता पेणहून महामार्गाने नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाडला चला. जवळच बिरवाडी आहे. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात, म्हणजे १९८१ पूर्वी, तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात जालन्याकडच्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले. विंचूदंशाचे रोगी त्यांनी उशाशी बसून पाहिले. नुसता ठणका असलेला बहुधा वाचतो; ओकारी, घाम आणि गार हातपाय हीच धोक्याची चाहूल, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले.

तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांतून ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये भरमसाट सोडविते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूवर त्यांना ओळखणारी अल्फा नावाची ग्राहके असतात. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली त्यांना ते नाव दिले. तेथे हुकूम पोचला की सगळ्या अंगभर मूठ आवळली जाते. हातपाय गार पडतात ते यामुळे. बिचारे हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त लोटून थकते, आणि फुप्फुसांत पाणी भरते.

मग मूठच सोडवावी, असा विचार बावस्करांनी केला. प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी अल्फा ग्राहकांची वाट अडविते. तिचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. गोळी दिल्यावर रोग्याला एकदम उठवून बसवायचे नसते. उभे राहताना पायांच्या रक्तवाहिन्या आवळाव्या लागतात, आणि तीच शक्ती आपण काढून घेतलेली असते. विष हृदयापर्यंत पोचलेल्या रोग्यांपैकी पूर्वी शंभरात २५ ते ३० दगावत. ते प्रमाण त्यांच्या अनुभवात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तथापि गोळीने विष मरत नाही. म्हणून डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी ७० रोग्यांवर चाचणी घेतली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या प्रॅझोसिनवर ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेल्या ३५ पैकी ३२.